मॅडमच्या पायाखालचा ब्रेक

मी ब्रेक बोलतोय. तुमच्या गाडीत असतो तो नव्हे. तो चालवणाऱ्याच्या पायाशी असतो आणि त्याला सगळे ओळखतात. मी दुसरा. ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटसमोर एक जास्तीचा ब्रेक बसवलेला असतो, शिकवणाऱ्यासाठी. शिकणाऱ्याची घाबरगुंडी उडाली की शिकवणाऱ्याने मला दाबायचं आणि गाडी थांबवायची. एवढंच माझं काम. गाडी पुढे नेणं माझ्या हातात कधीच नव्हतं.

माझा जन्म भंगारातला. एका ठोकलेल्या व्हॅनमधून मला काढलं, माझा वाकलेला दांडा हातोडीने सरळ केला, पाय घसरू नये म्हणून वर रबर चढवलं आणि एका लांब सळईने मला पलीकडच्या खऱ्या ब्रेकशी जोडून टाकलं. हे सगळं केलं भुंग्याने.

भुंग्या म्हणजे आमच्या मॅडमचा धाकटा भाऊ. शाळेत तो फार टिकला नाही आणि नोकरीत तर त्याहून नाही. बेकरीत लागला, भट्टीची धग सोसत नाही म्हणून सोडली. औषधाच्या दुकानात लागला, मालक टोचून बोलतो म्हणून सोडली. एका इमारतीवर वॉचमन म्हणून सकाळी उभा राहिला, दुपारी जेवायला घरी आला, तो परत गेलाच नाही. एका जागी बूड टेकत नाही म्हणून बहिणीनेच त्याचं नाव भुंग्या ठेवलं. शेवटी ड्रायव्हिंग स्कूलला लागून असलेल्या गॅरेजात तो आला आणि काय झालं कोण जाणे, टिकला. लोखंडाशी त्याचं जमलं.

मला बसवून झाल्यावर त्याने तिला हाक मारली. "ताई, ये. बघ कसा झालाय."

ती शेजारच्या सीटवर येऊन बसली. कॅनव्हासचा बूट, हलका पाय. मला वाटलं, ही कसली गाडी थांबवणार. भुंग्याने गाडी गॅरेजच्या आवारात जोरात पुढे काढली आणि तिने मला दाबलं. गाडी जागच्या जागी थांबली आणि भुंग्याचं कपाळ काचेला लागता लागता राहिलं.

"मारशील मला," तो म्हणाला.

"तूच बनवलायस ना? मग मर."

दोघं पोट धरून हसली. त्या दिवसापासून ती लोकांची मॅडम झाली आणि मी तिच्या पायाखाली आलो.

ती या कामात का आली, हे मला तिच्याच बोलण्यातून हळूहळू कळलं. गाडीत माणसं फार बोलतात. समोर रस्ता असतो, एकमेकांकडे बघावं लागत नाही, म्हणून असेल. तिच्या वडिलांचा मालवाहू टेम्पो होता. लहानपणापासून ती त्यांच्या शेजारी बसायची, आणि डोळे मिटून नुसत्या आवाजावरून गाडी कितव्या गिअरमध्ये आहे ते सांगायची. वडिलांनी तिला चालवायला शिकवलं. लांबचा रस्ता, रिकामा टेम्पो, काच खाली. यापलीकडे तिला जगाकडून काही नको होतं. वडील गेले, टेम्पो विकला गेला. मग ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जागा आहे असं कळलं तेव्हा ती धावतच गेली. दिवसभर गाडीतच असणार, आणखी काय हवं.

एकच गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. शिकवणारा दिवसभर गाडीत असतो, पण गाडी चालवत नाही.

सुरुवातीला तिला ते जाणवलं नसेल, कारण माणसांत तिचा वेळ बरा जायचा. काय काय नमुने यायचे. एक निवृत्त नर्स होती, ती गतिरोधकावरून गाडी गेली की "सॉरी" म्हणायची. कुणाला, ते तिलाच माहीत. एक आजोबा होते, ते गिअर बदलताना "चल बाळा" म्हणायचे आणि बाळ काही चालायचं नाही. आणि बायकांचे नवरे. ते मागच्या सीटवर बसायला यायचे आणि सगळा वेळ मागून बोलायचे.

"अगं क्लच. क्लच म्हटलं ना. हिला घरी पण असंच एकदा सांगून कळत नाही."

मॅडम आरशातून मागे बघायच्या. "साहेब, तुम्हाला इथेच उतरायचंय का? उतरायचं असेल तर थांबवते मी."

मग मागे शांतता आणि पुढे स्टिअरिंगवरच्या बाईचे खांदे दोन बोटं खाली.

मॅडम चांगल्या शिकवायच्या, यात वाद नाही. वाईट शिक्षकाचा पाय ब्रेकवर आपटत राहतो. मॅडमचा पाय माझ्यावर नुसता टेकलेला असायचा. शिकणाऱ्याला वाटायचं, गाडी आपणच सांभाळली. खरं तर मॅडमने मला केसभर दाबून सोडलेलं असायचं. स्कूलचे मालक, त्यांना सगळे काका म्हणत, ते स्वतः ओरडून शिकवायचे. त्यामुळे सगळ्या बायका मॅडमच मागायच्या. "तुम्ही आहात म्हणून आले, नाहीतर मला या जन्मी जमलं नसतं," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की काय सांगू. आणि प्रत्येक वेळी मॅडमला ते खरं वाटायचं. तिथेच घात झाला.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं त्यातच आहे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वर्ग एकदम सुरू होत नाही आणि एकदम संपतही नाही. एक बाई परीक्षेला गेली, की दुसरी अर्ध्यावर आलेली असते आणि तिसरी कालच पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसलेली असते. म्हणजे असा दिवसच उगवत नाही, की ज्या दिवशी कुणीही अर्धवट शिकलेलं नाही. आणि मॅडमचा नियम असा, की कुणाला अर्धवट सोडून जायचं नाही.

स्वतः चालवायची एकच संधी तिला मिळायची. परीक्षा व्हायची गावाबाहेरच्या मैदानावर. तिथून परत येताना शिकणारी बाई नवऱ्याबरोबर घरी निघून जायची, आणि रिकामी गाडी मॅडम एकटी परत आणायची. तेव्हा ती सरळ रस्त्याने यायची नाही. तळ्याच्या कडेने, झाडांच्या लांबलचक रांगेतून वळसा घालून यायची. मी शेजारी रिकामा बसलेलो असायचो, माझ्यावर कुणाचा पाय नसायचा. ती काही गुणगुणायची नाही, काही बोलायची नाही. फक्त गिअर टाकायची, आणि गाडीच्या आवाजात कुठे खरखर म्हणून नसायची. त्या अर्ध्या तासात ती कुणाची मॅडम नव्हती.

तेही तिने स्वतःच घालवलं. कुणीतरी बाई म्हणाली, येताना मीच चालवू का, तेवढाच सराव होईल. मॅडम "हो" म्हणाल्या. मग दुसरी म्हणाली. पुढे पुढे परतीची गाडीही शिकणारीच आणू लागली आणि मॅडम शेजारी बसून तळ्याकडे बघू लागल्या.

एक दिवस एक बाई चढावर अडकली. गाडी मागे सरकायला लागली, मागे ट्रक, बाईची पाचावर धारण बसली. मी गाडी धरून ठेवली खरी, पण बाई काही केल्या हलेना. मॅडम हँडब्रेक ओढून उतरल्या, फिरून पलीकडे गेल्या, बाईला शेजारी सरकवलं आणि त्या चिंचोळ्या चढावरून ट्रकला वाट देऊन गाडी अशी वर काढली, की ट्रकवाल्याने हात वर केला. मागच्या सीटवर त्या बाईचा नवरा होता. तो बस डेपोत मुकादम होता. त्याने सगळं पाहिलं. वर आल्यावर म्हणाला, "मॅडम, तुम्ही इथे काय करताय?"

"म्हणजे?"

"म्हणजे बस चालवा की. डोंगरापलीकडच्या गाड्यांना आम्हाला माणसं मिळत नाहीत. पहाटे निघायचं, संध्याकाळी परत. महिनाअखेरीला चाचणी आहे. तुम्ही आलात तर मी डोळे झाकून सही करेन."

 मॅडम परत माझ्या बाजूला येऊन बसल्या आणि पाय माझ्यावर ठेवला. तो पाय थरथरत होता. भीतीने थरथरणारे पाय मी खूप पाहिलेत. हा तसा नव्हता.

संध्याकाळी तिने गाडी गॅरेजमध्ये घेतली आणि भुंग्याला आत बोलावून दार लावून घेतलं. सगळं सांगितलं. तो एवढा उडाला की त्याचं डोकं टपाला आपटलं.

"उद्याच सोड."

"वेडा आहेस का. माझ्या बायका अर्ध्यावर आहेत."

"त्या काय मरणारेत का? काका आहेत ना."

"काका ओरडतात रे. त्यातल्या एकीचा नवरा गेलाय. गाडी आली तर तिला काम मिळणारे. काका एकदा ओरडले तर परत येणार नाही ती. तिची परीक्षा होऊ दे, मग सोडते."

"तोपर्यंत चाचणी होऊन जाईल."

"पुन्हा निघेल की."

"ताई, मी एवढ्या नोकऱ्या सोडल्या. सोडताना एकदा पोटात गोळा येतो, बस. मग भूक लागते. काही होत नाही."

"तुझं बरंय," ती हसली. "तू कुठे रुजलासच नाहीस."

घरी आईनेही जोर लावला, पण उलट्या बाजूने. हे मला भुंग्याच्या बडबडीतून कळलं. आई म्हणाली, "इथे तुला सगळे मॅडम म्हणतात. तिथे बसवाली म्हणतील. कुठलं बरं?" काकांनी तर डोळ्यांतच पाणी आणलं. ते वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, भांडून तरी निघाली असती. ते म्हणाले, "पोरी, तू गेलीस तर निम्म्या बायका येणार नाहीत. पण तुझं तू बघ." तुझं तू बघ म्हटलं, की आमच्या मॅडमला स्वतःचं सोडून सगळ्यांचं दिसायचं.

चाचणी होऊन गेली. ती नवरा गेलेली बाई पास झाली, मॅडमच्या गळ्यात पडून रडली. तोवर आणखी तिघी अर्ध्यावर होत्या. आणि "हिची परीक्षा होऊ दे, मग सोडते" हे वाक्य गाडीला जे चिकटलं, ते चिकटलंच. कधी हिची, कधी तिची. मॅडमच्या केसांत पांढरं दिसायला लागलं, माझं रबर दोनदा बदललं, आणि वाक्य तेच.

माणसाचं काम हळूहळू माणसाच्या अंगात शिरतं. भुंग्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला सांगायचा, "घरी आईने आवाज चढवला की आमच्या ताईचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो. परवा मी लग्नाचं नाव काढलं, तर टेबलाखाली पुन्हा धप्." मिस्त्री हसायचा. भुंग्याही हसायचा, पण हसणं संपल्यावर त्याचा चेहरा बघवत नसे. मलाही कळत होतं. पूर्वी पाय नुसता टेकलेला असायचा. आता तो दाबलेलाच असायचा. रस्ता रिकामा असला तरी. समोर चिटपाखरू नसलं तरी. शिकणाऱ्या बायका विचारायच्या, "मॅडम, गाडी ओढत का नाहीये?" मॅडम दचकून पाय काढायच्या. थोड्या वेळाने तो परत यायचा.

मग भुंग्याने ते केलं, जे फक्त भुंग्याच करू शकतो. डेपोत पुन्हा माणसं घेणार असं त्याला कळलं, आणि त्याने कुणाला न विचारता बहिणीचं नाव देऊन टाकलं. चाचणी सुट्टीच्या दिवशी होती. त्याने काकांकडून गाडी मागून घेतली आणि तिला म्हणाला, "आईला गुडघ्यासाठी पट्टा आणायचाय, चल." डेपोच्या फाटकात गाडी वळली तेव्हा तिला कळलं.

"भुंग्या, हे काय आहे?"

"उतर."

"माझ्या तिघी अर्ध्यावर आहेत."

"तू मरेपर्यंत तिघी अर्ध्यावरच असणारेत. उतर म्हणतो ना."

 तिने केस नीट केले आणि ती उतरली. भुंग्या स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. मी वाट बघत होतो. मला खरंच वाटलं होतं, की ती आता परत यायचीच नाही, सरळ बस घेऊन डोंगराकडे निघेल. ब्रेकने अशी आशा करू नये.

काय झालं ते त्या दोघांच्याच तोंडून मी परतीच्या वाटेवर ऐकलं. बसजवळ गेल्यावर ती सवयीने फिरून पलीकडे, शेजारच्या सीटच्या बाजूला गेली. परीक्षा घेणारा म्हातारा ड्रायव्हर होता, तो म्हणाला, "बाई, गाडी इकडून चालवतात." उभे होते ते हसले. तीही हसली. मग ती योग्य जागी बसली. आरसे लावले. सगळं बिनचूक. गाडी निघाली. वळणं बिनचूक, वेग बिनचूक, इशारे बिनचूक. फक्त तिचं लक्ष रस्त्यापेक्षा त्या म्हाताऱ्याच्या हातांकडे. जणू चूक तोच करणार होता आणि ती सावरणार होती. पुढे मोकळा सरळ रस्ता लागला. म्हातारा म्हणाला, "सोडा आता गाडी." तिने वेग घेतला, आणि समोर काहीही नसताना ब्रेक दाबला. पुन्हा घेतला, पुन्हा दाबला. तिसऱ्या वेळी म्हाताऱ्याने हात वर केला.

"काय म्हणाला तो?" भुंग्याने विचारलं.

"म्हणाला, तुम्हाला सगळं येतं. नियम तर माझ्यापेक्षा जास्त येतात. पण बाई, तुमच्या पायाला आता फक्त थांबणं येतं. प्रवाशांच्या पोटातलं पाणी हलेल. काही वर्षांपूर्वी का नाही आलात?"

 भुंग्या गाडी चालवत होता आणि गाडी ओढत नव्हती. तो अ‍ॅक्सिलरेटर दाबत होता, गाडी रडत होती.

"ताई, पाय काढ ब्रेकवरून."

"काढतेय."

"काढ ना."

"काढतेय रे. निघत नाही."

त्याने गाडी कडेला घेतली. दोघंही समोर बघत बसली. बाजूने बस गेल्या, ट्रक गेले, सायकली गेल्या. माझ्यावर तिचा पाय होता आणि त्याचं ओझं मला आजवर कधी वाटलं नव्हतं, एवढं वाटलं.

त्यानंतर मॅडमनी बसचं नाव काढलं नाही. "मग सोडते" हे वाक्यही बंद झालं. लोकांना वाटलं, मॅडम आता स्थिर झाल्या. ती शिकवत राहिली, बायका पास होत राहिल्या. पण पूर्वी ती नवऱ्यांची टर उडवायची, तेही बंद झालं. मागून कुणी कितीही बोललं तरी ती काचेबाहेर बघत राहायची.

मग तिला धाप लागायला लागली. दोन जिने चढली की बसावं लागायचं. थंडीच्या सकाळी गाडीत बसल्या बसल्या घाम फुटायचा आणि ती ओढणीने हळूच टिपून घ्यायची, शिकणारीला दिसू नये म्हणून. मला ते पायातून कळायचं. पाय जड पडायचा आणि उचलताना वेळ लागायचा. भुंग्याने जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाची तपासणी करायची, दोन दिवस दवाखान्यात राहावं लागेल, उशीर करू नका.

त्या वेळी वाचनालयात काम करणारी एक बाई शिकायला होती. इतकी भित्री, की हॉर्न वाजवायचीसुद्धा तिला लाज वाटायची. समोर माणूस आला की काच खाली करून "जरा सरकता का" म्हणायची. तिची परीक्षा जवळ आली होती.

"हिची परीक्षा होऊ दे, मग दवाखान्यात जाते," मॅडम म्हणाल्या.

ते वाक्य मी कितीतरी दिवसांनी ऐकलं. भुंग्या गॅरेजच्या दारात उभा होता. त्याच्या हातात पाना होता, तो त्याने भिंतीवर फेकून मारला.

"मी तुला उचलून नेईन."

"ने. परीक्षा झाली की ने."

परीक्षा व्हायच्या आधीच ती गेली. घरी, सकाळी, केस विंचरताना. दवाखान्याच्या वाटेवरसुद्धा पोहोचली नाही.

मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. त्या दिवशी गाडी तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही. मग एका दुपारी भुंग्या आला. डोळे सुजलेले, पायात चप्पल नाही. तो तिच्या सीटवर बसला, दार लावून घेतलं आणि त्याने पाय माझ्यावर ठेवला. गाडी बंद होती. त्याने मला दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं. मग तो इतक्या जोरात दाबत सुटला, की माझी सळई करकरायला लागली. तो एकटाच बोलत होता.

"शेवटी टाकूनच गेलीस ना सगळं अर्धवट. त्या वाचनालयवालीला टाकलंस, आईला टाकलंस, मला टाकलंस. टाकता येतं ना तुला. मग तेव्हा का नाही टाकलंस? तेव्हा फक्त बायकांना टाकायचं होतं. आम्ही होतो की."

 मी थांबवायला बनवलेला आहे, आणि थांबवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

काकांना त्या सीटकडे बघवेना, म्हणून त्यांनी गाडी विकायला काढली. विकण्याआधी मला काढून घ्यायचं, म्हणून गाडी गॅरेजमध्ये आली. भुंग्या खाली आडवा होऊन माझे नट सोडवत होता. मिस्त्री म्हणाला, "दे मी काढतो." भुंग्या नाही म्हणाला. त्याने मला सोडवलं आणि शेजारच्या टायरवर ठेवलं. तेवढ्यात फाटकातून एक लहानशी गाडी आत आली. हळू, पण सरळ. वाचनालयातली बाई उतरली.

"भाऊ," ती म्हणाली आणि तिथेच अडली. मग म्हणाली, "सांगायला आले. मी पास झाले."

भुंग्या हात पुसत उठला. "पहिल्या खेपेला?"

"हो. काकांनी दुसऱ्या स्कूलमधल्या सरांकडे दिलं होतं मला. ते ओरडतात फार. पहिल्या दिवशी घरी जाऊन रडले. मग होते सवय."

"म्हणजे तुमचं काही अडलं नाही."

तिला ते टोमण्यासारखं लागलं असावं. तिने मान खाली घातली. "मॅडमची आठवण रोज येते हो. गिअरला हात लावला की येते. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू. नाही अडलं."

भुंग्या चिडेल असं मला वाटलं. तो चिडला नाही. तो गाडीच्या बॉनेटवर टेकला.

"बरं केलंत सांगितलंत," तो म्हणाला. "हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगायचो. पण मी पडलो भुंग्या. सगळं सोडणारा माणूस. माझं कोण मनावर घेणार. तुमच्यातल्या एखादीने सांगायला हवं होतं, मॅडम तुम्ही जा, आमचं होईल."

"आम्हाला कुठे माहीत होतं," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं, त्यांना आवडतं."

ती रडायला लागली. भुंग्याने तिला गप्प केलं नाही. तिचं रडून झाल्यावर त्याने विचारलं, "मला घरापर्यंत सोडाल? आई एकटीच आहे."

"मी? अहो, मी कालच पास झालेय."

"म्हणूनच."

तो तिच्या शेजारच्या सीटवर बसला. तिथे दुसरा ब्रेक नव्हता, ती तिची स्वतःची गाडी होती. दार लावण्याआधी मला दिसलं, त्याने दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले होते. ती फाटकापाशी थांबली, दोन्हीकडे बघितलं, पुन्हा बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हॉर्न वाजवून रस्त्यावर आली.

मी आता गॅरेजच्या फळीवर असतो. काकांनी नवी गाडी घेतली आणि तीत मलाच बसव म्हणाले, पण भुंग्याने दुसरा ब्रेक बनवून दिला. चांगला बनवलाय, शिकणाऱ्यांना तो लागतोच. माझी त्याच्यावर काही तक्रार नाही.

तुमच्यात कुणी असं असेल, ज्याचं मन एका कामातून केव्हाच उठलंय आणि पाय मात्र तिथेच आहे, तर त्याला माझं एवढं सांगणं आहे. तुम्ही थांबावं म्हणून कुणी ना कुणी नेहमीच अर्ध्यावर असेल. ते खोटं बोलत नसेल, त्याला तुमची खरंच गरज वाटत असेल. त्याला प्रेमाने सांगा, की तुझं होईल. आणि मग उतरा. त्याचं होतं. दुसरं कुणी ओरडून का होईना, शिकवतं. आमच्या मॅडमचं तेवढं राहून गेलं.